बाबांची फटफटी मी हलकी केली

माझा नातू पुण्यात असतो आणि सध्या तो आपल्या मोटारसायकलला पेट्या बसवून घेतोय. मागे दोन, त्यांच्यावर एक, पुढे काच, पायांपुढे लोखंडी नळ्या. लडाखला जायचं आहे म्हणे. परवा त्यानं फोनवर फोटो पाठवला आणि विचारलं, आजोबा, कशी दिसते? छान दिसते म्हटलं, आणि नंतर बराच वेळ एकटाच हसत बसलो. कारण अशीच एक लादलेली गाडी मी अठराव्या वर्षी आमच्या अमरावतीच्या अंगणात आठ दिवस खपून नागडी केली होती, आणि त्या आठ दिवसांत आपल्यासारखा कारागीर वऱ्हाडात दुसरा नाही याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. ती शंका नवव्या दिवशी आली. ज्यांना माझ्या कारागिरीचा त्रास झाला ते दोघं आता नाहीत. उरलो मी आणि माझी बहीण कुसुम, आणि कुसुमला ही गोष्ट माझ्याहून चांगली सांगता येते, म्हणून तिच्या आधी मीच लिहून टाकतो.

बाबा गुरांचे डॉक्टर होते, सरकारी दवाखान्यातले. खेड्यापाड्यांत त्यांना ‘ढोराचा डाक्टर’ म्हणत. त्यात अपमान नव्हता, माणसांच्या डॉक्टरपासून वेगळं ओळखता यावं एवढंच. आमच्या घराण्यात सरकारी नोकरी लागलेले ते पहिले. दर्यापूरपासून परतवाड्यापर्यंतची कितीतरी गावं त्यांच्याकडे होती आणि तिथे पोचायला त्यांच्याकडे एक फटफटी होती. लढाई संपल्यावर लष्करानं काढून टाकलेल्या मालातली, इंग्रजी, काळी, म्हशीएवढी. डाव्या बाजूला साईडकार. साईडकारमध्ये औषधांची लाकडी पेटी, दोरखंड, बैलाला औषध पाजायची बांबूची नळी आणि एक घोंगडी. मागे कॅरिअर, कॅरिअरवर पत्र्याची ट्रंक, ट्रंकेच्या दोन्ही अंगांना कातडी पिशव्या. चिखल उडू नये म्हणून पायांसमोर पत्रे, गाडी पडली तर पाय वाचावेत म्हणून पत्र्यांपुढे नळ्या. हँडलला रबरी भोंगा, आणि भोंग्याच्या खाली पाण्यानं भरलेली किरमिची छागल, जी रस्ताभर टिपकत राहायची. टाकीवर बाबांनी स्वतःच्या हातानं लाल रंगात ‘पशुवैद्यक’ लिहिलं होतं. ‘द्य’ काढताना ब्रश घसरला होता, त्यामुळे दुरून ते काहीतरी भलतंच वाचलं जाई.

घर दोन खोल्यांचं, पुढे अंगण, अंगणात बिहीचं, म्हणजे पेरूचं झाड. सकाळचे आवाज ठरलेले असत. आईच्या भाकरी थापण्याचा, कुसुमच्या पाठांतराचा, बाबांच्या गुळण्यांचा, आणि मग किकचा. पहिल्या किकला ती गाडी कधीच चालू झाली नाही. चौथ्या-पाचव्या किकला ती खोकायची, मग धूर सोडायची, मग सगळी आळी हादरवत उभी राहायची. शेजारच्या काकू म्हणत की त्यांना घड्याळाची गरज नाही. बाबांच्या डब्यात तेल सुटलेलं बेसन, दोन भाकरी आणि जवसाची चटणी असे. संध्याकाळी ते परत यायचे ते फिनेलचा, गुरांचा आणि ओल्या किरमिचाचा असा एक मिसळलेला वास घेऊन. मला त्या वासाची लाज वाटायची. आज कुठल्या गोठ्यावरून जाताना तो वास आला की मी उगाच रेंगाळतो, पण आजचं आज. तेव्हा मी कॉलेजात होतो, केसांचा कोंबडा काढत होतो, आणि वर्गातले पोट्टे बाबांच्या गाडीला ‘तुया बापाची रेलगाडी’ म्हणत होते.

त्या उन्हाळ्यात मी अकोल्याला मावशीकडे गेलो आणि तिथे माझं डोकं फिरलं. मावशीच्या घराजवळ गफूरमियाँ नावाच्या मिस्त्रीचं गॅरेज होतं. तिथे एका कापसाच्या जिनिंगवाल्याच्या मुलाची मोटारसायकल येत असे. तिला काहीच नव्हतं. म्हणजे दोन चाकं, इंजिन, टाकी, एक चपटं सीट आणि बस्स. मागचं मडगार्ड वीतभर. हँडल खाली वाकवलेलं. ती उभी असली तरी पळतेय असं वाटायचं. मी पंधरा दिवस त्या गॅरेजच्या दारात बसून काढले. मावशीला वाटलं पोरगा अभ्यासाला वाचनालयात जातो. गफूरमियाँ हात चालवताना बोलत असत. गाडीला चालायला फार थोडं लागतं, बाकी माणसानं चिकटवलेला बोजा असतो, हे त्यांचं वाक्य मी डोक्यात पक्कं बसवलं. त्याच्या पुढचं वाक्य असं होतं की जे जे खोलाल ते ओळीनं मांडून ठेवा, आणि लावताना एकही चीज उरली तर गाडी रस्त्यावर नेऊ नका. ते मी ऐकलं होतं, नाही असं नाही. पण अठराव्या वर्षी माणूस वाक्यातला आपल्या सोयीचा भाग घेऊन घरी जातो.

पोळा झाला आणि बाबांना नागपूरला आठ दिवसांच्या प्रशिक्षणाला जायचा हुकूम आला. ते रेल्वेनं गेले. फटफटी अंगणात राहिली. जाताना मला म्हणाले, जरा पुसून ठेवजो. हे एवढंच वाक्य मी परवानगी म्हणून धरलं.

पहिल्या दिवशी साईडकार सुटली. तिचे बोल्ट गंजलेले होते, त्यावर घासलेट ओतून मी दुपारपर्यंत लोंबकळत राहिलो, आणि ती सुटली तेव्हा माझ्यासकट आडवी झाली. ती ओढत बिहीच्या झाडाखाली नेली. तासाभरात शेजारच्या दोन कोंबड्या तिच्यात बसल्या. आईनं विचारलं, हे काय करून राहिला, तर मी म्हटलं साफ करतो आहे, आतपर्यंत. मग ट्रंक, पिशव्या, कॅरिअर, पायांपुढचे पत्रे, नळ्या, भोंगा, छागल. टाकीवरची लाल अक्षरं खरवडायला एक पूर्ण दिवस गेला. सहाव्या दिवशी मी आरी घेतली आणि मागचं मडगार्ड अर्ध्यातून कापलं. बाकी सगळं पुन्हा लावता आलं असतं, हे नाही, हे मला आरी चालवताना कळत होतं, आणि तरी हात थांबला नाही. खरं सांगायचं तर त्यातच जास्त मजा आली. साईडकारच्या गादीतला कापूस काढून मी सीटच्या मागे एक लहान गोल गादी बसवली. ती कोणासाठी हे आता सांगायला हरकत नाही. वर्गात नलिनी नावाची मुलगी होती, आणि तिला गादीबद्दलच काय, माझ्याबद्दलही काही माहीत नव्हतं.

सातव्या दिवशी सगळं जोडून झालं तेव्हा डब्यात तीन वस्तू उरल्या होत्या. कुसुम तेव्हा बारा वर्षांची होती आणि तिला मोजायची वाईट खोड होती. भाऊ, हे तीन काहून उरले, असं तिनं विचारलं. मी तिला समजावलं की विलायती गाड्यांत काही नटबोल्ट जास्तीचे घालायची पद्धतच असते. ती बरं म्हणाली, पण डबा तिनं टाकला नाही.

गाडी सुंदर दिसत होती, हे मात्र मी आजही कबूल करतो. मी ती घेऊन कॉलेजच्या रस्त्यावर गेलो. साईडकारची सवय असल्यामुळे वळणावर मी गाडी कलती करायचं विसरलो आणि एका टांग्याच्या घोड्याशी समोरासमोर उभा राहिलो. घोडा माझ्याहून शांत होता. फाटकाशी नलिनी आणि तिच्या मैत्रिणी उभ्या होत्या. मी ऐटीत थांबलो, पाय खाली टेकवला, केस मागे सारले. नलिनीनं गाडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली आणि अगदी मनापासून काळजीनं विचारलं, “डाक्टर साहेबांची गाडी चोरीले गेली काय? अर्धीच राहिली.” मी तसाच घरी आलो.

शनिवारी दुपारी बाबा स्टेशनवरून टांग्यानं आले. मी भाषण तयार ठेवलं होतं. वजन, वेग, पेट्रोलची बचत, सगळं त्यात होतं. बाबांनी वळकटी खाली ठेवली आणि गाडीभोवती दोनदा फिरले, एखाद्या जनावराभोवती फिरावं तसे. मग त्यांनी झाडाखालची साईडकार पाहिली, तिच्यातल्या कोंबड्या पाहिल्या.

“मडगार्ड?”

“कापलं.”

“कशानं?”

“आरीनं.”

बाबांनी मान हलवली. बैल आजारी पडल्यावर त्याला आधी काय काय पाजलं हे मालक सांगत असतो, तेव्हा ते अशी मान हलवत. मग त्यांनी किक मारली. तिसऱ्या किकला गाडी चालू झाली, आणि चहाही न घेता ते फाटकाबाहेर गेले. तासभर आले नाहीत. आई दोनदा फाटकापर्यंत जाऊन आली, दोन्ही वेळा माझ्याकडे न पाहता. बाबा आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर काळी टोपी नव्हती. ती टोपी मी त्यांच्या डोक्यावरून कधी उतरलेली पाहिली नव्हती, फक्त जेवताना आणि झोपताना. आईनं विचारलं, टोपी कुठी हाय? गेली, ते म्हणाले, आणि पाय धुवायला मोरीवर गेले. गाडीबद्दल एक शब्द नाही. माझं भाषण तोंडातच राहिलं. रागावले असते तर मला निदान काही बोलता आलं असतं.

रविवारी सकाळी आई चुलीपाशी होती आणि बाबा दारात येऊन उभे राहिले. “चाल,” ते म्हणाले, “चिखलदऱ्याले जाऊ.”

मी अगदी तान्हा असताना बाबांची पहिली नेमणूक मेळघाटात होती. तीन वर्षं ते तिकडे एकटे राहिले होते. आईनं तेव्हापासून किती वेळा विचारलं असेल की ते चिखलदरा कसं हाय, एकदा दाखवा, आणि बाबा नेतो म्हणत. मग कुसुम झाली, मग बदली, मग गावं वाढली. पुढे पुढे आईनं विचारणं सोडलं होतं.

“कोण कोण?” आईनं विचारलं.

“तू अन् मी.”

“अन् पोट्टे?”

बाबांनी अंगणाकडे हात केला. “जागा कुठी हाय? तुया लेकानं ठेवलीच नाही.”

आई अर्धा तास नाही म्हणत राहिली आणि त्याच अर्ध्या तासात तिनं ठेचा वाटला, सहा भाकरी बांधल्या, आम्हा दोघांसाठी बेसन झाकून ठेवलं आणि हिरवं लुगडं नेसली. केसांचा अंबाडा घालून त्यात चार-पाच आकडे खोचले, वाऱ्यानं सुटू नये म्हणून. साईडकारमध्ये ती अनेकदा बसली होती, मांडीवर कुसुम आणि पायांखाली औषधांची पेटी घेऊन. बाबांच्या मागे कधी बसली नव्हती. नलिनीच्या गादीवर ती एका बाजूला पाय सोडून बसली. एक हात डब्यावर, दुसरा कुठे ठेवायचा ते तिला कळेना. शेवटी तिनं बाबांच्या कोटाची शिवण चिमटीत धरली, जणू तो कोट दुसऱ्या कोणाचा होता.

निघता निघता ती एकदम उतरली आणि खुंटीवरची छागल भरून घेऊन आली. बाबा म्हणाले, “राहू दे. आज कोणाच्या गावात काम नाही.” आईनं एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं आणि छागल परत टांगली. मला त्या बोलण्यात काही विशेष वाटलं नाही. ती छागल म्हणजे मला म्हाताऱ्या माणसाचा सोस वाटायचा. गावोगावी विहिरी असताना माणूस अमरावतीचं पाणी एवढ्या लांब का वाहून नेतो, हे मी कधी विचारलंच नव्हतं. पुढे काही दिवसांनी विचारलं तेव्हा बाबांनी अगदी साधेपणानं सांगितलं. बैलाला त्यांची सुई चालत होती. पण त्यांना पाणी देताना लोकांना लोटा उंच धरावा लागे, वरून ओतावं लागे. आम्ही बौद्ध होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. गावांनी ते ऐकलं होतं, मानलं नव्हतं. “त्यायलेही अवघड, आपल्यालेही अवघड,” बाबा म्हणाले. “आपलं पाणी आपल्यापाशी असलेलं बरं.” ती किरमिची पिशवी मी दोरी कापून अंगणात भिरकावली होती, कारण ती गाडीच्या रेषेत बसत नव्हती.

ते गेले. मी खाटेवर आडवा झालो आणि स्वतःची कीव करत बसलो. गाडी माझी, गादी माझी, कल्पना माझी, आणि चिखलदऱ्याला कोण निघालं तर आई. कुसुमला खेळायचे गजगे ठेवायला तो नटबोल्टांचा डबा हवा होता म्हणून तिनं तो ओट्यावर उपडा केला आणि आतून एक वस्तू उचलून माझ्या नाकापुढे धरली. “भाऊ, ही कशाची?”

ती दोन पायांची बारीक लोखंडी पिन होती. मिस्त्री लोक तिला कॉटर म्हणतात. ब्रेकचं पायडल मागच्या चाकाच्या सळईला जिथे जोडलेलं असतं तिथे एक खिळा आरपार जातो, आणि तो खिळा निसटू नये म्हणून त्याच्या टोकाला ही पिन घालून तिचे पाय फाकवतात. पायांपुढचे पत्रे काढताना मी पायडल काढलं होतं. पुन्हा लावताना खिळा घातला होता. पिन माझ्या समोर कुसुमच्या बोटांत होती. पुढचा ब्रेक त्या गाडीला नावालाच होता. आणि दोघं घाटात निघाले होते.

मी कुसुमला काकूंकडे जायला सांगितलं आणि पिन मुठीत धरून एस.टी. स्टँडवर पळालो. परतवाड्याची गाडी सुटत होती. ती गाडी त्या दिवशी जितकी हळू चालली तितकी मी आयुष्यात कुठलीच गाडी चाललेली पाहिली नाही. शेजारी एक म्हातारे शेतकरी भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. मला घाम का फुटला आहे हे त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, “वर चढतानी ब्रेक लागत नाही बाप्पा.” मी म्हटलं, अन् उतरतानी? त्यांनी थोडा विचार केला आणि मला मूठभर शेंगा दिल्या.

वलगावला मी उतरून पानठेल्यावर विचारलं, डाक्टरची फटफटी गेली काय? नाही, पानवाला म्हणाला, डाक्टर नाही गेला. एक कोणी गेला, बिनाटोपीचा, मागे बाई बसवून. या सगळ्या रस्त्यावर लहान पोरंही बाबांना ओळखत होती, पण ती ओळख साईडकारची आणि ट्रंकेची होती. पुढे प्रत्येक थांब्यावर मी डाक्टर हा शब्द टाकून बिनाटोपीचा माणूस आणि हिरव्या लुगड्याची बाई असंच विचारू लागलो, आणि मग सगळ्यांनाच ते दिसलेले निघाले. आसेगावला पूर्णेच्या पुलावर गर्दी होती. मी चालत्या गाडीतून उडी टाकली, कंडक्टर मागून ओरडला, आणि गर्दीत शिरून पाहतो तो एका बैलबंडीचं चाक निखळलेलं. तिथे शेंगा विकणारी एक बाई होती. तिला ते चांगलेच आठवत होते.

“त्या बाईच्या पाठीवर चिखलाचा पट्टा होता,” ती म्हणाली, “मानेपासून पार कंबरेलोक. मी म्हटलं, बाई, पाठ पाह्य तुई. तं ते हासूनच राहिली.”

आईचं हे वर्णन मला पटेना. दुसरी कोणी बाई असेल असंही मनात आलं. पण चिखलाचा पट्टा माझाच होता. अर्धं मडगार्ड मी कापलं होतं.

गर्दीत अडकलेली तीच एस.टी. पुन्हा पकडून परतवाड्याला पोचलो, तिथे समजलं की ते घाटाच्या रस्त्याला लागून बराच वेळ झाला. ढोराच्या डाक्टरचा पोरगा म्हटल्यावर सायकलवाल्यानं सायकल काढून दिली, तीही सगळ्यांत जुनी. दीड तास मी ती हाणली. दोन्हीकडे ज्वारी पुरुषभर वाढलेली, नुकताच पाऊस होऊन गेलेला, रस्त्यावर काळी घसरण. सायकल चालवताना मी काय काय कबूल केलं ते लिहिण्यासारखं नाही. पुन्हा पान्याला हात लावणार नाही, केस साधे कापीन, बाबांच्या वासाची लाज बाळगणार नाही, असं पुष्कळ होतं. त्यातलं शेवटचं तेवढं मी पाळलं.

घाटाच्या पायथ्याशी, पहिल्या उताराच्या तळाला, रस्त्याच्या कडेला फटफटी उभी होती. आसपास कोणी नव्हतं. कडेला खाली नाला, सागाची झाडं. मी सायकल टाकली नाही, ती हातातून पडली. कडेपर्यंत चार पावलं होती. मग खालून हसण्याचा आवाज आला.

नाल्यातल्या एका सपाट खडकावर आई पाय पाण्यात सोडून बसली होती. तिचे केस मोकळे, पाठभर पसरलेले, ते तिनं एका बाजूनं पुढे घेतले होते. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत काळे होते. बाबा मागे उकिडवे बसून ओल्या रुमालानं तिच्या पाठीवरचा चिखल पुसत होते, खालून वर, अगदी सावकाश, आणि काहीतरी सांगत होते, आणि ती त्यावर हसत होती. मी बाबांना आईला हात लावताना तोपर्यंत पाहिलं नव्हतं. आईला असं हसतानाही नाही. मी तोंड फिरवून सागाच्या झाडांकडे पाहू लागलो. आपण परत जावं की काय असं मनात येत होतं, तेवढ्यात चढ चढून आईच वर आली.

“तू काहून आला?” ती म्हणाली. तिचा आवाज काळजीचा नव्हता. जेवणाच्या वेळी नको असलेला पाहुणा यावा तसा होता.

मी मूठ उघडली. पिनेचा ठसा तळहातावर उमटला होता. बाबांनी ती उचलून पाहिली आणि मला गाडीपाशी नेलं. या उतारावर त्यांनी पायडल दाबलं तर पाय थेट खाली गेला होता. मग त्यांनी इंजिन बंद करून, पुढचा ब्रेक आवळून, बूट रस्त्याला घासत गाडी तळाला आणून थांबवली होती. त्यांच्या उजव्या बुटाचा तळ सुटला होता. आणि आई तोवर तशीच मागे बसून होती, दोन्ही हातांनी त्यांना धरून. खिळा अर्धा बाहेर आला होता. तो आत ठोकून त्याच्या टोकाला आता आईचे दोन आकडे घातलेले होते, पाय नीट वळवून, एखाद्या वेणीसारखे.

“तुया आईनं केलं,” बाबा म्हणाले. “माया बोटाले जमत नव्हतं.”

 मग त्यांनी जे सांगितलं ते ते ओरडून सांगतील अशी माझी अपेक्षा होती. ते दवाखान्यात बोलतात त्या आवाजात बोलले. “तू गाडी खोलली त्याचं मले काही नाही. पण बैलाचं पोट शिवाच्या आधी मी चिमटे मोजतो. एक कमी भरला तं शिवत नाही. मांगं कितीही माणसं खोळंबली तरी नाही. समजलं?”

समजलं, मी म्हणालो. नंतरच्या आयुष्यात मी पुष्कळांना नुसतंच ‘समजलं’ म्हणून सांगितलं आहे, पण त्या दिवशी खरंच समजलं होतं.

मी म्हटलं, आता ही खरी पिन घालू. बाबांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, राहू दे, घट्ट बसले हायेत. मग तिनं मला दोन भाकरी आणि ठेचा दिला, आणि मी खात असताना ते दोघं गाडीच्या पलीकडे हळू आवाजात काहीतरी बोलले. बाबांनी खिशातून कागद आणि पेन्सिल काढली, कागद टाकीवर ठेवला, मी अक्षरं खरवडली होती त्याच जागी, आणि सोमवारच्या रजेचा अर्ज लिहिला. सकाळी हा दवाखान्यात देजो, ते म्हणाले. आमी उद्या येतो. कुसुमले एकटी सोडू नको. मग त्यांनी ब्रेक दहा वेळा दाबून पाहिला, आई मागे बसली, आणि या वेळी तिनं कोटाची शिवण वगैरे काही शोधली नाही. ते वर वळणाआड गेले. जीव वाचवायला आलेला मी शिपाई होऊन, रजेचा अर्ज खिशात घालून, सायकलवर परत निघालो.

सोमवारी हेडक्लार्कनं तो अर्ज दोनदा वाचला. बाबांनी इतक्या वर्षांत रजा घेतली नव्हती, त्यामुळे घरी सगळं ठीक आहे ना, असं त्यांनी मला तीनदा विचारलं. सगळं ठीक आहे, मी म्हणालो. संध्याकाळी ते दोघं आले. आईच्या पाठीवर नवा पट्टा होता. तिनं हातपाय धुतले, कुसुमच्या केसांत फणी फिरवली आणि चूल पेटवली, जणू ती शेजारी जाऊन आली होती.

गाडी तशी ठेवता येणार नव्हती. पुढच्या रविवारी बाबा ओट्यावर बसले आणि मी एकेक वस्तू परत चढवू लागलो. साईडकार, पत्रे, नळ्या, कॅरिअर, ट्रंक. लावायला घेतलेली प्रत्येक वस्तू आधी त्यांना दाखवावी लागत होती. छागल मी स्वतः लावली, नव्या दोरीनं. मडगार्ड तेवढं अर्धंच राहिलं, आणि पुढची कितीतरी वर्षं पावसाळ्यात त्या ट्रंकेच्या मागच्या अंगाला चिखल चिकटत राहिला. आई उंबऱ्यात बसून अंबाडीची भाजी निवडत होती. कुसुम आठवडाभर तिच्या मागे लागली होती, चिखलदऱ्याला काय पाहिलं म्हणून, आणि आई काही ना काही सांगून टाळत होती. त्या दिवशी कुसुमनं तिचा पदरच धरून ठेवला.

“काहीच नाही दिसलं,” आई म्हणाली. “धुकं होतं. हाताले हात दिसे नाही.”

“दोन्ही दिवस?”

“दोन्ही दिवस.”

“मंग तिथी दोन दिवस केलं काय?”

आईनं भाजीची एक काडी उचलली, मोडली आणि पुन्हा सुपात टाकली. तिचे कान लाल झाले होते. मी पाना हातात घेऊन बाबांकडे पाहिलं. ते ओट्यावरून उठले, चष्मा सारखा केला आणि माझ्या शेजारी येऊन बसले.

“पाना दे इकडे,” ते म्हणाले, आणि मी आधीच घट्ट केलेला नट त्यांनी पुन्हा आवळायला घेतला.